तीस फुटांची गल्ली आणि तिच्यावरचे मजले

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात, क्रांती चौकाकडून रेल्वे स्टेशनकडे उतरणाऱ्या पट्ट्यात, कुणी बंगला विकायला काढला की दलाल पहिला प्रश्न विचारतो तो रस्त्याचा. किती फुटी रोड? प्लॉटला तोंड कुठल्या दिशेचं, विहीर आहे की बोअर, घर किती वर्षांचं, हे सगळं त्यानंतर. घराला तर तो बहुधा किंमतच धरत नाही, कारण ते पडणारच असतं. रस्त्याला एवढा मान का, याचं उत्तर डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एका जाडजूड नियमावलीत आहे. तिचं नाव एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. मुंबई आणि आणखी काही मोजके भाग सोडले तर जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राचं बांधकाम तिच्यावर चालतं.

या नियमावलीत चटई क्षेत्र निर्देशांकाचा, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल हे सांगणाऱ्या ज्या आकड्याला लोक एफएसआय म्हणतात त्याचा, एक तक्ता आहे. महापालिका क्षेत्रात दाट गावठाणाबाहेरच्या प्लॉटला मूळ एफएसआय १.१ मिळतो. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिथेच थांबायचं. रस्ता ९ मीटर भरला की सरकारला पैसे भरून ०.५ प्रीमियम एफएसआय घेता येतो, त्यावर ०.४ टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, चढवता येतो आणि एकूण आकडा २ वर जातो. रस्ता १२ मीटरचा असेल तर २.२५, १८ मीटरचा असेल तर २.५, आणि ३० मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर ३. जिने, बाल्कन्या, पॅसेज अशा गोष्टींसाठी निवासी इमारतीला यावर आणखी ६० टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र पैसे भरून मिळतं.

आता ३,००० चौरस फुटांचा एक प्लॉट घेऊ. जुन्या कॉलन्यांत असे प्लॉट पुष्कळ आहेत. गल्ली २५ फुटांची असेल, म्हणजे साडेसात मीटरच्या थोडी वर, तर १.१ च्या हिशेबाने ३,३०० आणि वरचे ६० टक्के धरून ५,२८० चौरस फूट बांधकाम होतं. गल्ली ३० फुटांची असेल तर ती ९.१४ मीटर भरते. मग त्याच प्लॉटवर ६,००० आणि जादा धरून ९,६०० चौरस फूट. समास सोडून, पार्किंग काढून हे सगळं प्रत्यक्षात बसतंच असं नाही, पण कागदावरची मर्यादा तेवढी आहे. पाच फुटांच्या फरकाने दोन मजली घर आणि पार्किंगवर चार-पाच मजले, असा फरक पडतो. मोजायची ती मंजूर लेआउटमधली रुंदी. कंपाउंडबाहेर काढलेला ओटा, झाडाचं आळं, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या यांतून गल्लीत प्रत्यक्ष किती फूट वाट उरते, हे तक्ता विचारत नाही. आणि रस्ता थोडक्यासाठी कमी पडत असेल तर महापालिका अधिनियमाचं कलम २१० आहे. त्याखाली रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरवता येते, मालकाने पुढची पट्टी सोडायची आणि रस्ता कागदावर रुंद होतो.

उस्मानपुरा हे काही गावाबाहेरचं निवांत उपनगर नाही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, संत एकनाथ रंगमंदिर, स्टेशन रोडवरची दुकानं, जुनी दाट वस्ती आणि तिच्या आजूबाजूला ज्योतीनगर, वेदांतनगर, बन्सीलालनगर यांसारख्या बंगल्यांच्या कॉलन्या, असा हा मिश्र भाग आहे. कॉलन्या वसल्या तेव्हा प्राध्यापक, बँकवाले, सरकारी नोकर, छोटे उद्योजक यांनी प्लॉट घेतले, मागे-पुढे मोकळी जागा सोडली, कडुनिंब आणि नारळ लावले. शहराची महापालिका झाली ती डिसेंबर १९८२ मध्ये. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेनऊ लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती पावणेबारा लाखांच्या घरात गेली. एवढी माणसं कुठेतरी राहायलाच हवीत, आणि शहराच्या मध्यभागी स्वस्तात पाडता येण्यासारखं बांधकाम एकच असतं, ते म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा बंगला.

बंगला पडला आणि पत्र्याचं कुंपण उभं राहिलं की शेजारी जमतात. तक्रारी सगळीकडे साधारण त्याच असतात. आमच्या गच्चीवर नजर पडणार, सकाळचं ऊन जाणार, गल्लीत बाहेरच्यांच्या गाड्या लागणार, बोअर आटणार, ड्रेनेज तुंबणार. आणि हलक्या आवाजात, ‘फ्लॅटमध्ये कोण येईल सांगता येत नाही.’ मग अर्ज लिहिला जातो, सह्या होतात आणि शिष्टमंडळ नगररचना विभागात जातं. तिथे कळतं की परवानगी मिळून गेली आहे आणि ती नियमातच आहे.

इथे मराठी वाचकाला सहसा कुणी न सांगितलेली एक गोष्ट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ खाली बांधकामाची परवानगी दिली जाते, तेव्हा शेजाऱ्याला विचारण्याची तरतूद नाही. कलम ४७ मध्ये अपील आहे, पण ते अर्जदाराला. परवानगी नाकारली तर तो वर जाऊ शकतो. परवानगी दिली म्हणून शेजाऱ्याला त्या कलमाखाली वर जाता येत नाही. ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथे नियोजनाचा अर्ज आला की शेजाऱ्यांना कळवतात आणि म्हणणं मांडायला साधारण २१ दिवस मिळतात. त्यामुळे तिथे पुष्कळ इमारतींवर भांडण होतं, घरं उभी राहायला वर्षं लागतात आणि महागही होतात. आपल्याकडे परवानगीआधी भांडायची जागा एकच, आणि ती फार आधी येते: विकास आराखडा किंवा नियमावली मसुद्याच्या रूपात प्रसिद्ध होते आणि सरकार हरकती-सूचना मागवतं तेव्हा. एकत्रीकृत नियमावलीचा मसुदा २०१९ मध्ये आला होता. आपल्या गल्लीची रुंदी फुटपट्टीने मोजून ९ मीटरच्या ओळीवर हरकत घेण्याचं किती रहिवाशांच्या मनात आलं असेल? आराखड्यात लोक आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलं आहे का ते बघतात, रस्तारुंदीत भिंत जाते का ते बघतात. एफएसआयचा तक्ता बघत नाहीत. मोकळ्या मैदानाचं आरक्षण एका माणसाचा प्लॉट खातं. तक्त्यातली एक ओळ सगळ्या गल्लीचं रूप बदलते, पण ती कुणा एकाच्या नावावर नसते, म्हणून तिच्यासाठी कुणी धावत नाही.

त्यात छत्रपती संभाजीनगरची आणखी एक अडचण होती. महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. नवी नियमावली लागू झाली ती याच काळात, शहराच्या विकास आराखड्याचं प्रारूप मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं तेही याच काळात. एरवी गल्लीतली माणसं रात्री नगरसेवकाच्या घरी जाऊन बसतात. त्याने काही होतं असं नाही, पण निदान कुणाकडे तरी जाता येतं. महापालिका कायद्यात प्रभागाखालच्या क्षेत्रसभेचीही तरतूद आहे. क्षेत्रसभा भरलेली पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागेल.

गोव्यात हेच चित्र वेगळं दिसतं, कारण तिथे ग्रामसभा आहे. मुरगाव तालुक्यातल्या सांकवाळ गावात भुतानी कंपनीच्या सुमारे सातशे सदनिकांच्या प्रकल्पाविरुद्ध २०२४ मध्ये रान उठलं. डोंगर कापला जाणार, पाणी कुठून आणणार, असे मुद्दे होते. निम्मं भांडण रस्त्यावर झालं, निम्मं पंचायतीच्या दारात. गोव्याला हा सराव जुना आहे. गोवा बचाव अभियानाच्या दबावाखाली २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा सरकारला २००७ च्या सुरुवातीला मागे घ्यावा लागला होता. पुढे नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालून जमिनींचे विभाग सुटेसुटे बदलायची वाट काढली गेली, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. लढाई एका इमारतीशी न लढता नकाशाशी लढली तर काय होतं, याचं हे जवळचं उदाहरण.

मग शहरातला शेजारी कोर्टात गेला तर? दार बंद नाही. १९७४ मध्ये के. रामदास शेणॉय विरुद्ध उडुपी नगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवासी भागात नियम मोडून बांधलेल्या चित्रपटगृहाविरुद्ध तिथल्या रहिवाशाचा हक्क मान्य केला. नगररचनेचे नियम रहिवाशांच्या भल्यासाठी असतात, तेव्हा ते मोडल्याची तक्रार रहिवाशाला करता येते, असा त्याचा अर्थ. पण नियम मोडला असेल तर. नियमात बसणारी उंच इमारत आवडत नाही, हे कोर्टाला पुरत नाही. दुसरा आधार १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा. वीस वर्षं अखंड मिळालेल्या उजेड-वाऱ्यावर हक्क सांगता येतो. वकील हे कलम हौसेने काढतात, पण उजेड थोडा कमी झाला एवढ्यावर भागत नाही, घरात राहण्याच्या सुखसोयीत किंवा घराच्या किमतीत भरीव तोटा दाखवावा लागतो. गच्चीवर पडणाऱ्या नजरेवर तर जवळपास काहीच इलाज नाही.

सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने दिलेला अलीकडचा मोठा निकाल चंडीगढचा आहे. १० जानेवारी २०२३ ला न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने तो दिला. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएने आखलेल्या चंडीगढच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे सेक्टर १ ते ३० मध्ये, लोक एका घराचे हिस्से विकत घेत होते आणि एकेक मजला एकेका कुटुंबाचा करत होते. कागदावर घर एकच, आत वसलेलं अपार्टमेंट. न्यायालयाने ते थांबवलं. निकालात बेंगळुरूची बेसुमार वाढीने झालेली दुर्दशाही आली आहे. हा निकाल हातात घेऊन उस्मानपुऱ्यातला कुणी उच्च न्यायालयाच्या इथल्याच औरंगाबाद खंडपीठात गेला, तर पहिला अडथळा हाच येईल की चंडीगढमध्ये अपार्टमेंट नियमाविरुद्ध होतं, इथे ते नियमाने मागवलेलं आहे. शिवाय चंडीगढच्या त्या सेक्टरांना वारशाचा दर्जा आहे. आपल्या कॉलन्यांत वारसा म्हणावा असं बहुधा काही नाही, आठवणी सोडल्या तर.

महाराष्ट्रात टिकलेला मुद्दा पाण्याचा. २०१६ मध्ये पुण्याच्या बाणेर-बालेवाडीत पाणी पुरत नाही म्हणून जनहित याचिका झाली आणि उच्च न्यायालयाने तिथल्या नव्या बांधकामांच्या परवानग्यांना लगाम घातला. मे २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर रोडवर तेच घडलं. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावरून नव्या इमारतींवर बंदी आली होती आणि ती मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती उठवली. यातली कुठलीच बंदी कायमची नव्हती, आणि मुंबईच्या बंदीतून पुनर्विकास वगळला होता. तरी फरक लक्षात घेण्याजोगा आहे. ‘आम्हाला उंच इमारत नको’ हे वाक्य कुठेच टिकलं नाही. ‘तुम्ही पाणी देऊ शकत नाही तर नळ मागणारी घरं का मंजूर करता?’ या प्रश्नावर महापालिकांना प्रतिज्ञापत्रं लिहावी लागली.

आणि पाण्याच्या बाबतीत या शहराइतका भक्कम दावा कुणाचा असणार? मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर-ए-अंबरी बांधून खापराच्या नळांतून खडकीला, म्हणजे तेव्हाच्या याच शहराला, पाणी आणलं. आजच्या शहराला जायकवाडी धरणातून पाणी येतं, धरण भरलेलं असतानाही कित्येक वस्त्यांत नळ पाच-सहा दिवसांनी, कधी आठवड्यानंतर सुटतो. तिथून आणखी एक वाहिनी टाकण्याचा ‘समांतर जलवाहिनी’चा करार २०१६ मध्ये मोडला. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, म्हणजे नवी नियमावली आली त्याच महिन्यात, आणि पुढे तिची किंमत २,७४० कोटींवर गेली. मे २०२२ मध्ये शहरात पाण्यासाठी मोठा जलआक्रोश मोर्चा निघाला. योजनेच्या कामावर खंडपीठालाच लक्ष ठेवावं लागलं.

आपल्या ३,००० फुटांच्या प्लॉटकडे परत येऊ आणि तिथे बारा फ्लॅट झाले असं धरू. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचं सरकारी माप. चार माणसांच्या घराला ५४० लिटर. नळ सहा दिवसांनी येणार असेल तर एका घराला ३,२४० लिटर साठा हवा आणि बारा घरांना ३९,००० लिटरच्या आसपास. बंगला होता तेव्हा अर्ध्या इंचाच्या नळाखाली एक हौद भरला की आठवडा निघायचा. आता पार्किंगखाली मोठी टाकी, तिला मोटर, शिवाय बोअर, आणि उन्हाळ्यात टँकर. हा भाग काळ्या दगडावर, दख्खनच्या बसाल्टवर बसलेला आहे. या दगडात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून फिरतं, त्यामुळे एकाच भेगेवर दोन बोअर बसले तर खोल जाणारा जिंकतो. ‘बोअर आटणार’ ही शेजाऱ्याची भीती कुरकुर वाटते, पण तिच्यात भूशास्त्र आहे. गच्चीवरच्या नजरेपेक्षा अर्जात हा मुद्दा वर घातला पाहिजे, मंजूर नळजोडणीच्या आकड्यासकट.

इथपर्यंत रहिवाशांची बाजू. पण ती पूर्ण खरी मानली तर या शहराचा दुसरा निम्मा इतिहास झाकावा लागतो.

फ्लॅटबद्दलचा तिटकारा जुना आहे आणि तो फारसा निरागस नाही. अमेरिकेत १९२६ मध्ये युक्लिड गाव विरुद्ध अँबलर रिअल्टी या खटल्यात न्यायमूर्ती सदरलँड यांनी निवासी भागातल्या अपार्टमेंटला जवळजवळ बांडगुळाच्या पंक्तीला बसवलं, आणि पुढची कित्येक दशकं एका प्लॉटवर एकच घर हा नियम तिथे गरिबांना आणि काळ्या लोकांना दूर ठेवायच्या कामी आला. आपल्याकडे सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात मात्र मजल्यांनीच झाली. १९१५ मध्ये रावबहादूर श्रीपाद तल्मकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, कारण मध्यमवर्गीय कारकुनाला मुंबईत स्वतंत्र बंगला कधीच परवडणार नव्हता. एकावर एक घरं रचणं ही पांढरपेशा माणसाचीच युक्ती होती.

संभाजीनगरात ज्यांना कॉलनीतला प्लॉट परवडला नाही ते गुंठेवारीत गेले. शेतजमिनीचे तुकडे, बाँडपेपरवरचे व्यवहार, लेआउट नाही, ड्रेनेज नाही, नळ तर नाहीच. राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. शहरात अशा वसाहती शंभरावर आहेत. मध्यवस्तीत रुंद रस्ते, शाळा, दवाखाने, ड्रेनेज असलेल्या कॉलन्या दुमजली राहतात आणि माणसं शहराच्या कडेला बिनगटारीच्या गल्ल्यांत साचतात, यात कॉलनीच्या शांततेची किंमत कोण भरतो, हे विचारायला हवं. न्यूझीलंडच्या ऑकलंडने २०१६ मध्ये आपल्या निवासी जमिनीच्या जवळपास तीन चतुर्थांश भागावर जास्त घरांना मोकळीक दिली आणि पुढच्या पाच वर्षांत बांधकाम परवाने दुपटीच्या आसपास गेले. तिथे पाणी आणि मलवाहिन्या आधीपासून होत्या. आपण तक्त्यातली मोकळीक घेतली आणि नळ मागाहून टाकतो आहोत. भांडण करायचं तर या क्रमाशी करायला हवं, फ्लॅटवाल्याशी नव्हे.

आणि विरोध करणारे स्वतः किती दिवस विरोधक राहतात, हाही प्रश्न आहेच. मुंबईच्या शिवाजी पार्कचा अनुभव बोलका आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मैदानाभोवती आखून दिलेल्या, कमी उंचीच्या इमारतींचा तो परिसर म्हणजे मराठी मध्यमवर्गाचं माहेर. २०१२ मध्ये वारसा समितीच्या नव्या प्रस्तावित यादीत त्याचं नाव आलं, म्हणजे उंच टॉवरला आपोआप अटकाव होणार होता. रहिवाशांनी पेढे वाटले नाहीत. सभा घेऊन विरोध केला, राजकीय पक्षही त्यांच्या मागे उभे राहिले. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती, गळती, दुरुस्तीचा खर्च आणि पुनर्विकासात मिळू शकणारं मोठं घर, या सगळ्यावर समितीचा एक शिक्का बसणार होता. परिसराचं रूप जपावं असं वाटणारे लोक तिथेही होते, पण त्यांचा आवाज लहान होता.

उस्मानपुऱ्याच्या कॉलन्यांत हेच हळूहळू होतं. बंगला बांधणारी पिढी सत्तरी ओलांडून गेलेली आहे. मुलं पुण्यात, हैदराबादेत, काही अमेरिकेत. वरचा मजला रिकामा, मागच्या खोलीचा स्लॅब ओल धरतो, रात्री वॉचमन नाही, जिना चढवत नाही. बिल्डर येतो तेव्हा जॉइंट व्हेंचरचा कागद आणतो: मालकाला काही फ्लॅट, बांधकाम होईपर्यंत भाडं, वर थोडी रक्कम. दोन भावांच्या आणि एका बहिणीच्या वाटणीचा पंधरा वर्षं अडलेला तिढा एका करारात सुटतो, कारण विटांचे तीन भाग होत नाहीत, फ्लॅटचे होतात. शेजारच्या इमारतीविरुद्धच्या अर्जावर सही केलेल्या काकांनी तीन-चार वर्षांनी आपलाही प्लॉट डेव्हलपमेंटला दिला, तर त्यात लबाडी शोधायचं कारण नाही. अर्ज लिहिला तेव्हा त्यांना ऊन हवं होतं. आता त्यांना लिफ्ट हवी आहे, आणि तीही याच गल्लीत, जिथे औषधवाला ओळखीचा आहे आणि रंगमंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यांच्या प्लॉटचा नकाशा नगररचना विभागात दाखल होईल तेव्हा विरोधाचा अर्ज पलीकडच्या बंगल्यातून येईल.